बांधावरची झुडपं कंपाउंडात: पाखरांसाठी झाडं कशी निवडायची

पावसाळा तोंडावर आला की आमच्या कॉलनीतली माणसं नर्सरीत जाऊन जे रंगीत दिसेल ते उचलून आणतात. गोल्डन डुरांटा, लाल पानांचं अकॅलिफा, दाराशी दोन बाजूंना दोन थुजा. वर्षभरानं तीच माणसं आमच्या फाटकापाशी थांबून विचारतात, "तुमच्याकडं एवढी पाखरं कशी काय हो? दाणे टाकता का?" दाणे टाकत नाही. आमच्याकडं आहेत ती झुडपं सातारा जिल्ह्याच्या बांधावरची, ओढ्याकाठची आणि डोंगरउतारावरची. ती कशी निवडायची, एवढंच इथं सांगतो.

माझी सगळी नोकरी एसटीत गेली, कंडक्टर म्हणून. तिकिटं फाडून झाली की खिडकीबाहेर बघायचं, दुसरं काम नसायचं. साताऱ्याहून मेढा-केळघर करत गाडी महाबळेश्वरला चढायची तेव्हा घाटात करवंद, तोरण, अंजनी, कारवी. दुसऱ्या दिवशी कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत म्हसवडकडं निघालो की पुसेगावच्या पुढं बाहेरचा रंगच बदलायचा. तरवड, बोरीची खुरटी झुडपं, हेंकळ, मधेच एखादी नेपती. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि माणमध्ये कसाबसा ५०० च्या आसपास, तेही एकाच जिल्ह्यात. त्यामुळं 'साताऱ्याची देशी झाडं' अशी एकच यादी कुणी हातात दिली तर ती घडी घालून खिशात ठेवा आणि आधी आपण कुठल्या पट्ट्यात राहतो ते बघा.

ढोबळ मानानं तीन पट्टे धरा. जावळी, पाटण, वाईचा वरचा भाग, सांगलीतलं शिराळा हा पावसाचा पट्टा. सातारा, कोरेगाव, कराड, वाळवा, मिरज हा मधला. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कोरडा. कोरड्या पट्ट्यातल्या माणसानं हौसेनं अंजनी लावली तर ती रडत बसेल, आणि पाटणच्या चिखलात तरवड मुळाशी कुजेल. मधल्या पट्ट्यातल्यांची चैन आहे, दोन्हीकडचं थोडं थोडं चालतं. मात्र कृष्णाकाठची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर हात आखडता घ्या. तिथं निरगुडी बिनघोर लावा, तिला ओढ्याकाठची सवयच असते. मुरमाड प्लॉट असेल, आमच्या कोडोलीला आहे तसा, तर उलट खूश व्हा. रानातल्या बहुतेक झुडपांना मुरूम मानवतो. पोयटा आणून दोन फूट भर घालायची काही गरज नाही, पैसे वाचवा.

पट्टा कळला की नर्सरीच्या आधी पायी एक फेरी मारा. घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आतला एखादा जुना बांध, ओढा किंवा टेकडीची कड गाठा. चैत्र-वैशाखात जा, कारण त्या दिवसांत पाणी न घालता जे हिरवं उभं असतं त्यालाच विचारात घ्यायचं. आणि शेळ्या राखणारं कुणी भेटलं तर त्याच्याशी दहा मिनिटं बोला. कुठलं झुडूप कधी फुलतं, कशाला शेळी तोंड लावत नाही, कुठल्या काट्यात होल्याचं घरटं असतं, हे त्या माणसाला जेवढं माहीत असतं तेवढं नर्सरीवाल्याला नसतं. शेळीचा मुद्दा साधा वाटतो, पण ज्यांच्या प्लॉटला अजून कंपाउंड नाही त्यांच्यासाठी तोच पहिला. अडुळसा, निरगुडी आणि तरवड ही तीन झुडपं शेळ्या सोडून देतात. उघड्या प्लॉटवर सुरुवात यांनीच करावी.

आता निवडीचा खरा हिशेब. मी प्रत्येक झुडपाला चार गोष्टी विचारतो: फुलात मध किंवा पराग आहे का, फळ कुणी खातं का, पान कुणी खातं का, आणि आत शिरून लपायला काटा किंवा दाटी आहे का. चारपैकी निदान दोन उत्तरं 'हो' यायला हवीत. डुरांटाच्या कापून चौकोनी केलेल्या कुंपणाला विचारून बघा. दर महिन्याला कात्री लागते म्हणून फूलही नाही आणि फळही नाही.

चारही उत्तरं 'हो' देणारं आपल्याकडचं झुडूप म्हणजे करवंद. माझं ऐकाल तर बाकी काही लावू नका, पण मागच्या कुंपणाला करवंदाची एक रांग लावाच. माघ-फाल्गुनात पांढरी, वासाची फुलं येतात आणि संध्याकाळी त्यांच्यावर पतंग भिरभिरतात. वैशाखात फळं काळी पडायला लागली की बुलबुल आपल्याआधी उठून हजर असतात. पानावर हिरव्यागार, जाड, शेपटीला काटा असलेल्या पतंगाच्या अळ्या सापडतात. आणि काटा तर काय, मांजराला आत पाऊल टाकता येत नाही. लालबुड्या बुलबुलाचं वाटीसारखं घरटं आमच्या करवंदात कमरेच्या उंचीवर असतं, हात लांबवला तर लागेल इतकं जवळ, पण हात घालायची टाप नाही. बुलबुलासारखे पक्षी घरट्याला अशीच जागा शोधतात. उंच झाडापेक्षा काटेरी, दाट आणि मध्यम उंचीचं झुडूप त्यांना जास्त भरवशाचं वाटतं.

करवंदाची रोपं दोन ते तीन फुटांवर लावा. पहिली दोन वर्षं ती जागची हलणार नाहीत, लोक चेष्टा करतील, करू द्या. मग एकदम जोर धरतात. फक्त ती पायवाटेपासून आणि मुलांच्या सायकलीपासून लांब हवीत. आणखी एक सावधगिरी. नर्सरीत 'करवंद' म्हणून कधीकधी दक्षिण आफ्रिकेतलं भाऊबंद विकतात, त्याची फुलं मोठी आणि फळ लालभडक, आलुबुखाराएवढं. दिसायला झकास आहे, वाईट म्हणत नाही, पण डोंगरची मैना ती नव्हे. लोणच्यासाठी विकतात ते गुलाबी-पांढऱ्या मोठ्या फळांचं करवंदही वेगळं. आपल्याला बारीक काळ्या फळाचं हवं. त्याचा सोपा उपाय म्हणजे मे महिन्यात मेढ्याकडून येणाऱ्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकतात ती घ्या, खा, आणि बिया त्याच आठवड्यात पिशवीत पेरा. करवंदाचं बी जुनं झालं की उगवत नाही. डबीत भरून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालात तर विसरा.

पान खाणाऱ्यांचा विषय निघाला की आमच्या घरात वाद ठरलेला, आणि तो कढीपत्त्यावरून. आमची मंडळी म्हणते, "फोडणीला पान शिल्लक ठेवलं नाही तुमच्या अळ्यांनी." खरं आहे ते. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान अंडं घालतं, एका पानावर एक. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी, मधे पांढरा डाग, ओलसर चकाकी. पक्षी तिच्याकडं बघत नाहीत. मोठी झाली की कात टाकून हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर काढते आणि त्याला उग्र, आंबट वास येतो. नातवंडांना हा खेळ दाखवला की ती मोबाईल खाली ठेवतात. शेवटी ती एखाद्या काडीला धाग्याचा पट्टा करून स्वतःला टेकवते आणि कोष होतो. यातली गंमत अशी की या फुलपाखराची काही मादी लाल ठिपक्यांची असते, दुसऱ्या एका बेचव फुलपाखराची हुबेहूब नक्कल, म्हणजे पक्षी फसावेत.

तर कढीपत्त्याचा नियम साधा: दोन झाडं लावा. एक स्वयंपाकघराच्या दाराशी, एक कुंपणाच्या कोपऱ्यात. दाराशी दिसलेली अळी पानासकट उचलून कोपऱ्यातल्यावर सोडायची. आमचा वाद असाच मिटला. कोपऱ्यातल्या झाडाला कधीच छाटायचं नाही, मग उन्हाळ्यात त्याला पांढरे झुबके येतात आणि पावसाच्या सुरुवातीला जांभळी-काळी फळं, ती कोकिळा आणि बुलबुल संपवतात. पश्चिम पट्ट्यातल्यांनी जागा असेल तर माकडलिंबूही लावावा. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली महाराष्ट्रानं जाहीर केलेलं, ते लिंबाच्याच घराण्यातल्या झाडांवर वाढतं. साताऱ्यात साधं कागदी लिंबू असेल तरी एखादं येऊन जातं.

पान खाल्लेलं झाड ही माझ्या लेखी पावती आहे. नर्सरीतून आणलेलं झाड वर्षभर कुणी कुरतडलं नाही तर समजा की इथल्या कुणालाही ते ओळखीचं नाही.

रुईबद्दल लोक नाक मुरडतात. दारात रुई नको, उकिरड्यावरचं झाड, असं म्हणतात, आणि शनिवारी मारुतीला हार घालायला तीच शोधत फिरतात. प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू रुईच्या पानावर वाढतं, काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी तुम्ही पाहिली असेल. रुईवर पिवळा मावा, म्हणजे बारीक किडेही, भरपूर येतो आणि तो बघून पोटात गोळा येतो, पण लगेच पंप काढू नका. चार-सहा दिवसांत ढालकिडे येतात आणि त्याचा फडशा पाडतात. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका, लहान मुलं असतील तर ती मागच्या बाजूलाच लावा. हारासाठी पानं तोडताना खालची बाजू बघून तोडा, तेवढं केलं की देवाचं आणि अळीचं दोघांचंही होतं.

आता रंगाची हौस. लाल हवा ना? मग धायटी घ्या. पौष-माघात, डोंगर वाळून पिवळा पडलेला असताना, हिच्या काड्या खालपासून वरपर्यंत बारीक लाल नळ्यांनी भरतात. प्रत्येक नळीत मधाचा थेंब. वैद्य लोक आसव-अरिष्टं आंबवायला ही फुलं वापरतात ती उगीच नाही. जांभळा शिंजीर हा चिमुकला पक्षी सकाळी एका फांदीवर डोकं खाली करून लटकतो आणि फुलामागून फूल संपवत जातो, आपण चार हातांवर उभे असलो तरी त्याला फिकीर नसते. धायटीला ऊन पूर्ण लागतं आणि उतार किंवा मुरूम आवडतो, पाणी साचलं की गेली. तिचं बी धुळीइतकं बारीक असतं. मातीत पुरू नका, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा आणि वरून गोणपाटानं ओल टिकवा.

मुरुडशेंग ही दुसरी. पीळ घातलेल्या शेंगा, बाळगुटीतल्या, सगळ्यांना माहीत असतात, पण फूल बघितलेलं नसतं. पावसाळ्यात येणारं हे फूल पहिल्या दिवशी लाल असतं, मग हळूहळू राखी-निळसर पडतं, त्यामुळं एकाच फांदीवर दोन रंग दिसतात आणि पाखराला ताजं कुठलं ते लांबूनच कळतं. शिंजीर, बुलबुल, सातभाई सगळे येतात. दहा-बारा फूट उंच जाते, म्हणून भिंतीला चिकटून लावू नका. बी टणक असतं, कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा.

तरवडाची माझ्याकडची झाडं माण तालुक्यातल्या आमच्या आक्कानं दिलेल्या बियांची. मी मागितल्यावर ती हसली होती. "आरं, तरवड काय कुणी लावतं व्हय? तो उगवतोच," म्हणाली, आणि घटाला माळ करायला राखलेल्या झुडपाच्या शेंगा पदरात बांधून घेऊन आली. नवरात्रात तिच्याकडं घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ असते. पूर्वी या सालीवर चामडं कमवायचे. हे फूल जवळून बघायला मी सगळ्यांना सांगतो, कारण यात मध नसतोच, नुसता पराग, आणि तोही मोकळा नसतो. परागाच्या नळ्यांना फक्त टोकाशी बारीक भोक. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्याचा आवाज उडतानाच्या आवाजापेक्षा एकदम वरच्या पट्टीतला निघतो, आणि त्या थरथरीनं पराग त्याच्या पोटावर सांडतो. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. शिवाय पिवळी-पांढरी फुलपाखरं, इमिग्रंट म्हणतात ती, तरवडाच्या पानांवर अंडी घालतात. कोरड्या पट्ट्यात एकच झुडूप निवडायचं असेल तर करवंदाच्या जागी तरवड. बियाला कढत पाण्याचाच उपचार.

बाकीची पटापट सांगतो. अडुळसा काडीनं लागतो, सावलीतही चालतो, हिवाळ्यात पांढरी फुलं देतो आणि ती भुंग्यांची खास जागा. खोकल्याला पानं मिळतात ते वेगळंच. निरगुडीही काडीनं, वर्षाच्या आत डोक्याला लागते, निळसर तुऱ्यांवर मधमाश्यांची गर्दी. पण फाजील वाढते, लहान प्लॉटला एकच पुरे. पिवळी कोरांटी पाऊस संपल्यावर फुलते, काटेरी आहे, कुंडीतही राहते आणि पॅन्सी जातीची फुलपाखरं तिच्यावर वाढतात. पांढरा चित्रक सावलीतल्या कोपऱ्याला, त्यावर झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू. पांढरफळी कुणी मुद्दाम लावत नाही, माझ्या मते फार अन्याय आहे. पावसाळ्याच्या अखेरीला पांढऱ्या मण्यांनी लगडते आणि चष्मेवाले पक्षी थव्यानं येऊन धुऊन नेतात. फालसा उन्हाळ्यातल्या फळासाठी, नातवंडं आणि पाखरं यांच्यात भांडण लावायचं असेल तर. भारंगी पावसाच्या पट्ट्यात, कोवळ्या पानांची भाजी आपल्याला, निळी फुलं त्यांना. वाघाटी वेलासारखी चढते, आषाढी द्वादशीला तिची भाजी लागते म्हणून एक असावी. पायोनियरसारखी पांढरी फुलपाखरं तिच्यावर आणि माणातल्या नेपतीवरही अंडी घालतात.

एवढी नावं ऐकून लोक दोन टोकं गाठतात. एक तर सगळी एकेक आणतात, किंवा एकाचीच पंधरा. घर बांधून उरलेली हजार-दीड हजार चौरस फूट जागा असेल तर पाच-सहा जाती बास, आणि लहान झुडपं तीन-तीनच्या घोळक्यात. एकट्या कोरांटीकडं फुलपाखराचं लक्ष जात नाही. जाती ठरवताना एका कागदावर चैत्र ते फाल्गुन बारा महिने लिहा आणि समोर फूल नि फळ मांडा. करवंद-फालसा उन्हाळा सांभाळतात, निरगुडी-मुरुडशेंग पावसाळा, पांढरफळी-कोरांटी-तरवड शरद, अडुळसा-धायटी थंडी. ज्या महिन्यासमोर काहीच नाही तो महिना भरायला पुढचं झुडूप शोधायचं. बहुतेकांचा मार्गशीर्ष मोकळा निघतो. तिथं कोरांटी आणि अडुळसा.

काय लावू नये तेही सांगायला हवं. घाणेरी. "पण तिच्यावर फुलपाखरं किती बसतात!" हे मला हमखास ऐकवतात. बसतात, मध पितात, आणि अंडी घालायला दुसरीकडं जातात. इंग्रजांच्या काळात शोभेला म्हणून आलेली ही बाई, तिची फळं बुलबुल खातात आणि बी सगळ्या डोंगरावर पेरतात. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जाऊन बघा. आधीच प्लॉटवर असेल तर एका झटक्यात उपटू नका, आत कुणी घरटं केलं असेल. पाऊस संपल्यावर थोडी थोडी मुळासकट काढत जा आणि त्याच जागी करवंद किंवा निरगुडी लावत जा. रानमोडी आणि सुबाभूळ यांना फाटकाच्या आत घेऊ नका. कुंपणाला मोगली एरंड आणि घायपात लावायची आपल्याकडं जुनी चाल आहे, गुरं अडतात हे खरं, पण चार प्रश्न विचारले की उत्तर कळतं.

रोपं कुठून आणायची? जूनमध्ये वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करा, करवंद, निरगुडी, अडुळसा, कढीपत्ता बहुधा मिळतात. बाकीचं बियांवर किंवा काडीवर. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन-तीन डोळे मातीत, आषाढात. बी गोळा करायचं ते बांधावरून, रस्त्याकडेनं, मालकाला विचारून, आणि झुडपावर निम्म्याहून जास्त सोडून. कासच्या पठारावरून किंवा जंगलातून रोप उपटून आणायचा विचारही नको. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे हा एक भाग. दुसरा म्हणजे सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, दोन बोटं मातीत वाढलेलं झाड तुमच्या अंगणात जगतही नाही. नर्सरीत रोप घेताना उंची बघू नका. पिशवी उचलून तळ बघा, मुळं बाहेर येऊन गोल वेटोळी घालत असतील तर ते रोप म्हातारं झालंय. दीड फुटाचं ठेंगणं रोप चार फुटांच्या काडकुळ्याला दोन वर्षांत मागं टाकतं.

खड्डे मे महिन्यातच घ्या, दीड बाय दीड फूट, आणि उन्हात तापू द्या. मृगाचा पाऊस पडून माती वीतभर ओली झाली की लावा. पहिल्याच सरीला घाई केली आणि मग पावसानं ओढ दिली तर पुन्हा बादल्या वाहाव्या लागतात. खड्ड्यात निघालेलाच मुरूम-माती आणि दोन ओंजळी जुनं शेणखत, रासायनिक काही नको. फार खत झालं की नुसती पानं माजतात. त्यानंतरचं मुख्य काम आच्छादनाचं, आणि आपल्या भागात त्याला पैसे पडत नाहीत. उसाची तोड संपली की शेतकरी पाचट पेटवायच्या तयारीत असतो. त्याला विचारा, आनंदानं देतो. बुंध्यापासून चार बोटं सोडून वीतभर थर द्या. बुंध्याला चिकटवलं तर वाळवी लागते. त्या पाचटाखाली पहिल्याच वर्षी गोम, वाणी, बीटल असं काय काय जमतं, आणि मग दयाळ आणि सातभाई ते उचकत बसतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली पाणी, तिसऱ्या उन्हाळ्यापासून बंद. पाणी तोडायला जीव धजत नाही, पण तोडा. नाहीतर झुडूप तुमच्या बादलीचं मिंधं होतं.

छाटणी दिवाळीच्या सुमाराला, हलक्या हातानं, आधी फांद्या बाजूला करून घरटं नाही ना ते बघून. फाल्गुनापासून श्रावणापर्यंत कात्री कपाटात. हे आमच्याकडं येणाऱ्या माळीबुवांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांना बाग म्हणजे कापलेली हवी, आणि दोन तास कात्री चालवली नाही तर पैसे कसे घ्यायचे हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न. मी त्यांना पाचट आणायला आणि घाणेरी उपटायला लावलं. फवारणी कसलीच नाही, निंबोळी अर्काचीही नाही. पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा, आत एक दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. आणि रोज घासा, नाहीतर डास.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर शेजारी हमखास म्हणतात, "आणि साप?" प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. साप उंदरामागं येतो, म्हणून दाण्याची पोती, विटांचे ढीग, फळ्यांची अडगळ घराशी नको. दाराभोवती पाच-सहा फूट जागा मोकळी, फरशीची किंवा लोटलेली ठेवा. दाट झुडपं कुंपणाच्या कडेला, खिडकीखाली नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी. आणि साप दिसलाच तर काठी न शोधता लांब उभं राहून लक्ष ठेवायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. त्याचा नंबर आधीच लिहून फ्रिजवर चिकटवलेला बरा. मुंगूस फिरायला लागलं की शेजाऱ्यांची काळजी आपोआप निम्मी होते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे सगळं वाचून हताश होऊ नये. पोवई नाक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर माझी भाची राहते, तिच्या गॅलरीत चौदा इंची कुंड्यांत कढीपत्ता, पिवळी कोरांटी आणि चित्रक आहे, बस्स. मॉरमॉनची अळी तिच्याकडंही येते. कुंडीत निम्मी बागेची माती, पाव शेणखत, पाव मुरूम घाला. तळाच्या भोकावर खापरी ठेवा. आणि ऊन किमान चार तास. करवंद कुंडीत जगतं, पण कपडे वाळत घालायची दोरी त्याच्यावरून नेऊ नका.